भिंतीमागचा समुद्र

बोस्टनच्या दक्षिणेकडल्या फॉल रिव्हर गावात, उतारावर, नदी रुंद होत होत खाडीला मिळते तिथे, करड्या ग्रॅनाइटची एक पाच मजली गिरणी उभी आहे. गावात तिला सगळे ‘सात नंबर’ म्हणतात. बाकीचे सहा कुठे गेले हे आता कुणी विचारत नाही. इडालिना फुर्तादो तिथे कामाला लागली तेव्हा नवी नवरी होती, आणि बाहेर पडली तेव्हा तिचे गुडघे जिना बघूनच कुरकुरायचे. मधलं सगळं आयुष्य तिने तिसऱ्या मजल्यावर पडदे शिवले.

शिवायचे पडदे, आणि त्या अख्ख्या दालनात खिडकी एकही नव्हती. म्हणजे कधीकाळी होत्या, चांगल्या माणूसभर उंचीच्या. पण हिवाळ्यात ऊब बाहेर जाते म्हणून कुठल्याशा जुन्या मालकाने त्या विटांनी बुजवल्या, वर पांढरा रंग फासला आणि डोक्यावर नळीचे दिवे लावले. दुपार काय नि पहाट काय, आत सगळं एकाच रंगाचं.

इडालिनाचं मशीन पश्चिमेच्या भिंतीला तोंड करून होतं. ती दूर महासागरातल्या आझोरस बेटांपैकी साओ मिगेलवरची, पोर्तो फोर्मोसो गावची. बाप मच्छीमार. घराचं दार उघडलं की समोर पाणी, असं तिचं बालपण. इथे सुईखालून पांढरं कापड लाटांसारखं सुळसुळत मांडीवर उतरायचं, शेकडो मशिनांची घरघर कानांत साचून साचून गाजेसारखी वाटायला लागायची, आणि समोरची भिंत हळूहळू विरघळायची. मग तिला बापाची निळी होडी दिसे. वाळूत पालथी घातलेली टोपली दिसे. हात शिवत असायचे, इडालिना तिथे नसायची.

शेजारच्या मशीनवर तिची नणंद हर्मिनिया. ती कोपराने ढोसायची.

“अगं ए, कुठे गेलीस? सुई बोटात घुसेल.”

“गावी गेले होते.”

“मग रिकाम्या हाताने काय आलीस? मासे तरी आणायचे.”

अशी वर्षं गेली. इडालिनाचा नवरा ग्वाल्टर खालच्या रंगखात्यात होता. त्याच्या नखांत कायम कसला ना कसला रंग असायचा. छातीच्या दुखण्याने तो गेला. मूल झालं नव्हतं. पुढे धंदाच बसला, पडदे दूरदेशी शिवले जाऊ लागले, आणि एका शुक्रवारी मशिनं बंद झाली ती पुन्हा सुरू झालीच नाहीत. त्या शांततेत इडालिनाला पहिल्यांदा कळलं, की आपल्याला आता कमी ऐकू येतं. गिरणीला टाळं लागलं. छपरावर कबुतरं राहायला आली.

कित्येक वर्षांनी बातमी आली: कुणी बिल्डर सात नंबरमध्ये फ्लॅट काढणार. त्यासाठी आधी जागेचा झोन बदलायला हवा, कारखान्याची जागा राहण्याची करायला हवी, आणि त्यावर नगरपालिकेत सुनावणी होणार. हर्मिनियाने पदर खोचला नाही इतकंच; बाकी लढाईची सगळी तयारी केली. चर्चच्या हॉलमध्ये माणसं गोळा करून ती म्हणाली, “आज झोन बदलतील, उद्या भाडं बदलेल, परवा माणसं. बोस्टनचे पगारवाले येऊन राहतील आणि आपण कुठे जायचं? खाडीत?” मग इडालिनाकडे वळून, “तू बोलायचंस. तू तिथे जन्म घालवलायस.”

“तूही घालवलायस की.”

“मी बोलले तर लोकांना वाटतं भांडतेय. तू बोललीस की वाटतं रडतेय. रडणाऱ्याचं ऐकतात.”

इडालिना हो म्हणाली. तिलाही ते पटत होतं. जिथे आपण घाम गाळला तिथे कुणीतरी मऊ पलंग टाकून झोपणार, हा विचार तिला पचत नव्हता.

सुनावणीच्या आधल्या आठवड्यात ती बेकरीतून गोड पाव घेऊन उतारावरून येत होती. वसंतातली दुपार. गिरणीच्या कडेने जाताना सहज मान वर गेली, तर तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला भलंमोठं भोक. वरून कुणाची तरी अदबीची हाक आली, “दोना इडालिना! ओळखलंत का?”

तो दुआर्ते पिमेंतेल, गवंडी. त्याची आई इडालिनाच्याच रांगेत शिवायला बसायची. जुनी दगडी चौकट शाबूत आहे का हे बघायला त्याला एक खिडकी नमुना म्हणून फोडायला सांगितली होती. तो खाली आला, तिच्या डोक्यावर पिवळी टोपी चढवली आणि तिचा हात धरून सावकाश जिना चढवू लागला. प्रत्येक वळणावर ती दम खाई आणि तो म्हणे, “घाई नाही, इमारत कुठे पळून जात नाही.”

दालन रिकामं होतं. जमिनीच्या लाकडावर मशिनांच्या तेलाचे काळे डाग रांगेने तसेच होते. तिचा डाग तिने ओळखला आणि सवयीने त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. मग मान वर केली.

समोर पाणी होतं. खालच्या रस्त्यावरून ते गोदामांआड कधी दिसलंच नव्हतं. विटांच्या फोडलेल्या कडांमधून अख्खी खाडी आत आली होती, चमचमती, रुंद, पुलाखालून निघून थेट समुद्राकडे वळलेली. एक लहानशी होडी मागे पांढरी रेघ ओढत चालली होती. वाऱ्याला खारा वास होता. क्षणभर इडालिनाला वाटलं आपण पुन्हा तंद्रीत शिवतो आहोत. तिने बोटाकडे पाहिलं, सुई नव्हती.

“हे इथे कधीपासून आहे?” तिने विचारलं.

दुआर्ते हसला. “समुद्र? गिरणीच्या आधीपासून असावा.”

ती हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला. “मेल्या,” ती त्या बुजवणाऱ्या कुणा अनोळखी मालकाला म्हणाली, “दोन विटांच्या पलीकडे होता रे! दोन विटांच्या!” आणि मग ती रडली, दुःखाने नव्हे, संतापाने. दुआर्तेने एक बादली पालथी घालून तिला बसवलं. पाव मोडून दोघांनी खाल्ला. उन्हाचा पट्टा लाकडावरून सरकत तिच्या बुटांपाशी आला, मग मांडीवर चढला.

सुनावणीला हर्मिनियाने तिला पुढच्या रांगेत बसवलं. नाव पुकारलं तशी इडालिना उठली.

“हर्मिनिया सांगते ती भीती खरी आहे,” ती म्हणाली. “भाडी वाढतील. तिचं नीट ऐका. तिथे आमच्यासारख्यांना परवडतील अशा खोल्या ठेवा, नाहीतर काही करू नका. पण ती भिंत तशी ठेवू नका. आम्ही तिच्यापुढे म्हाताऱ्या झालो. तिच्यामागे काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

अध्यक्ष गोंधळले. “बाई, तुम्ही बाजूने आहात की विरोधात?”

“मी खिडकी उघडण्याच्या बाजूने आहे.”

हॉलमध्ये हशा पिकला. हर्मिनियाने मान फिरवली ती थेट चर्चच्या पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत. तिथे सगळ्या गावाला सूप वाढतात त्या पंगतीत शेजारी बसावं लागलं तेव्हा ती म्हणाली, “मीठ दे,” आणि अबोला सुटला.

झोन बदलला, काही खोल्या गावातल्या जुन्या लोकांसाठी कमी भाड्यात राखायच्या, या अटीवर. इडालिनाला त्यातली एक मिळाली. पण ती रस्त्याच्या अंगाची, समोर कपडे धुण्याचं दुकान. खाडीकडची घरं त्या भाड्यात कुठून मिळणार! तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. मात्र तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, जिन्यापाशी, एका खिडकीपुढे घर बसवता येईना म्हणून नुसता बाक ठेवला होता. दुपारी ती तिथे जाऊन बसायची. चष्मा मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले.

आणि हर्मिनियाचं म्हणणंही खरं ठरलं. दोन वर्षांत आजूबाजूची भाडी चढली, तिच्या घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलं. इडालिना स्वतः जाऊन तिच्या पिशव्या आपल्या खोलीत घेऊन आली. दोघींनी एकत्र राहायला इमारतीच्या कार्यालयातून परवानगीही मिळाली. तेव्हापासून रोज सकाळी कॉफीबरोबर हर्मिनिया ऐकवते, “मी सांगितलं होतं,” आणि इडालिना म्हणते, “सांगितलं होतंस गं बाई. साखर घे.”

बाकावर यायला मात्र हर्मिनिया बरेच दिवस तयार नव्हती. “पाणी काय बघायचं? पाणी नळाला येतं.” नोव्हेंबरात एकदा खाडीवर दाट धुकं उतरलं, तेव्हा ती इडालिनाची शाल द्यायला म्हणून आली आणि उभीच राहिली. पूल नाहीसा झाला होता. पलीकडचा किनारा नाहीसा झाला होता. कुठेतरी एका जहाजाचा भोंगा लांब, मऊ आवाजात वाजत होता. इडालिनाला तो नीट ऐकू येत नव्हता, पण काचेवर ठेवलेल्या बोटांना कळत होता. हर्मिनिया टेकली. धुकं काचेपर्यंत आलं, आणि सगळी गिरणी नांगर सुटल्यासारखी हळूच कुठेतरी निघाली आहे असं दोघींना वाटत राहिलं.

“शेगडीवर काही ठेवलंयस का?” इडालिनाने विचारलं.

“नाही,” हर्मिनिया म्हणाली. “बस अजून.”