बारावी गाडी

आमचं गाव पुण्यात नाही, पुणं आमच्या गावाच्या शेजारी येऊन वसलं, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. मी काही विचारलेलं नव्हतं. त्या भाकरी थापत होत्या आणि मी परातीकडे बघत होते, एवढंच. "तुमची पेठ कवाची? आमचा नाथ तिच्या आधीचा हाय," असं म्हणून त्यांनी तवा उतरवला आणि पुरावा दाखवायला मला भैरवनाथाच्या देवळामागे घेऊन गेल्या. तिथे भिंतीला टेकून चार वीरगळ उभे आहेत, लढाईत पडलेल्या गावकऱ्यांचे कोरलेले दगड. खाली ढाल-तलवारवाला वीर, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्यातल्या एकाला हात जोडून सासूबाई म्हणाल्या, "ह्यो आपला." कशावरून, हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी पेठेत वाढलेली; आमच्याकडे मूल बोलायला लागतं तेच 'कशावरून' म्हणत. पण नवी सून होते, गिळला.

गाव तेव्हा नुकतंच महापालिकेत गेलं होतं. बिबवेवाडीच्याही पलीकडे, टेकडीच्या पायथ्याला. शेतांवर इमारती उठत होत्या, विहिरी बुजत होत्या, आणि ज्यांच्या पाच पिढ्यांनी ज्वारी काढली ते सकाळी डबा घेऊन कामावर जायला लागले होते. सगळं गेलं तरी एक गोष्ट कुणी सोडली नव्हती, ती म्हणजे मान. यात्रेत प्रत्येक घराला कसला ना कसला मान. कुणाला पालखीचा, कुणाला दिवटीच्या तेलाचा, कुणाला पहिल्या ढोलाचा. एका घराला तर देवळात जमलेल्या माणसांना "आता उठा" म्हणायचा मान आहे, आणि ते घर म्हणेपर्यंत खरोखर कुणी उठत नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसू दाबताना माझा पदर फाटला.

आमच्या घराचा मान मात्र भारी होता. बारा गाड्या ओढायचा.

चैत्रातल्या यात्रेच्या दिवशी, ऊन कललं की, बारा गाड्या एकामागे एक दोरखंडाने बांधतात. त्यात माणसं भरतात. बैल सोडून देतात आणि पुढच्या गाडीचं जू मानकरी एकटा खांद्यावर घेतो. गाव तीनदा "चांगभलं" म्हणतं, आणि गाड्या वेशीपासून देवळापर्यंत पळत येतात. वेशीपासून देवळापर्यंत थोडासा उतार आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि हे मोठ्याने बोलायचं नसतं.

इतकी वर्षं हा मान सासऱ्यांनी चालवला. त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला आणि मान माझ्या नवऱ्याकडे आला. तो कॉलेजात माझ्या वर्गात होता, खतांच्या दुकानात हिशेब लिहायचा, आणि त्याने आयुष्यात ओढलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे माझं पुस्तकांचं कपाट. तिसऱ्या चांगभल्यालाही गाड्या हलल्या नाहीत तर मान पलीकडच्या भावकीकडे जाणार होता. पलीकडची भावकी आठवडाभर फार गोड बोलत होती. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "न्हाई हाललं तर लोक म्हनतील, पेठंतली सून आनली म्हनून देव रुसला."

माझी झोप उडाली. कारण मी एक गुन्हा केला होता. मानकऱ्याने पाच दिवस देवळात राहायचं आणि अळणी खायचं असतं. तिसऱ्या दिवशी मी मंडईतून कैऱ्या आणल्या होत्या. देवळाच्या खिडकीतून त्याचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि मला राहवलं नाही. चार फोडी तिखटमीठ लावून गजांतून आत सरकवल्या. त्याने त्या डोळे मिटून खाल्ल्या आणि मग बोटंही चाटली. हे फक्त आम्हा दोघांना आणि नाथाला माहीत होतं.

यात्रेच्या दिवशी सकाळीच पहिलं संकट आलं. गावात बारा कुठल्या, सातच बैलगाड्या उरल्या होत्या. कुणी विकलेल्या, कुणाच्या सरपणात गेलेल्या. पारावर म्हातारी मंडळी बसली आणि गाडी म्हणजे काय यावर दुपारपर्यंत खल झाला. मार्केट यार्डात कांदे वाहणारे दोन टेंपो गावातल्याच पोरांचे होते. टेंपो चालेल का? "चाकं हायती ना? मग गाडीच," एक आजोबा म्हणाले. हातगाडी? ती नामंजूर झाली, कारण ती ढकलायची असते, ओढायची नसते. हा मुद्दा इतका चोख होता की माझे वडील तिथे असते तर त्यांनी टाळी दिली असती. पाण्याचा रिकामा टँकर मंजूर झाला. शाळेत मुलं नेणारी डबाव्हॅन मंजूर झाली. अकरा झाल्या. बाराव्या गाडीसाठी एका बिल्डरला विचारलं, तर त्याने आपल्या चकचकीत मोटारीवर रुमाल फिरवून "ओरखडे पडतील" म्हटलं.

ऊन उतरायला लागलं. ढोल वाजून वाजून थकले. आणि त्याच वेळी वेशीतून एक जुनी पांढरी मोटार ताशी दहाच्या वेगाने, प्रत्येक कोंबडीला हॉर्न देत आत आली. माझे वडील.

अण्णा म्हणजे जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. माझं लग्न नोंदणी कचेरीत झालं तेव्हा त्यांनी साक्षीदाराची सही केली, "सही बरी आली" म्हणाले आणि घरी निघून गेले. त्यानंतर दीड वर्षात त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आई यायची, डबे आणायची. अण्णांना विचारलं की म्हणायचे, "एवढ्या लांब? मुक्कामाची तयारी करून निघावं लागेल." मंडईपासून आमचं गाव बसने अर्ध्या तासावर होतं. आज ते आले होते ते आईने आठवडाभर अबोला धरल्यामुळे, आणि तेही पाच मिनिटांसाठी.

त्यांनी काच खाली करून मला विचारलं, "पार्किंग कुठे?" मी उत्तर द्यायच्या आत पारावरची सगळी म्हातारी मंडळी उठून मोटारीभोवती उभी राहिली. एकाने बोटाने चाकं मोजली.

"पावनं, नाथानंच धाडलं तुमास्नी," आजोबा म्हणाले.

मला वाटलं, आता अण्णा असं काहीतरी बोलतील की वर्षभर मला गावात तोंड दाखवता येणार नाही. पण ते म्हणाले, "तीन अटी. बॉनेटवर कुणी बसणार नाही. आत गुलाल येणार नाही. आणि स्टिअरिंगवर मी." तिन्ही मान्य झाल्या. पुढच्याच मिनिटाला उघड्या काचेतून मूठभर गुलाल आत आला आणि अण्णा कपाळापासून चष्म्यापर्यंत लाल झाले. आई मागच्या सीटवर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. दोर बांधेपर्यंत अण्णा हात मागे बांधून रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत चालत गेले, प्रत्येक गाडीखाली वाकून पाहिलं आणि परत आपल्या जागी येऊन बसले.

आणि मग माझा नवरा देवळातून बाहेर आला. धोतर, कपाळभर भंडारा, पाच दिवसांची दाढी. लग्नात तो इतका देखणा दिसला नव्हता. त्याने जू खांद्यावर घेतलं. माझ्याकडे बघून हसला आणि मला एकदम कैरी आठवली.

पहिलं चांगभलं. त्याने जोर लावला, दोरखंड करकरले, गाड्या जागच्या जागी डुलल्या आणि थांबल्या. होतं असं पहिल्यांदा, लोक म्हणाले.

दुसरं चांगभलं. त्याच्या मानेच्या शिरा दोरीएवढ्या फुगल्या. गाड्या डुलल्या, थांबल्या. आता ढोल बंद पडले. पलीकडच्या भावकीतला एकजण धोतराचा काचा आवळायला लागला. सासूबाईंनी माझा हात धरला तो इतका घट्ट की बांगडी पिचली. मी मनातल्या मनात नाथाला सांगत होते की कैरी माझी, मीठ माझं, त्याने फक्त खाल्ली. भीतीने मला हसू यायला लागलं. आमच्या घरात सगळ्यांना भलत्या वेळी हसू येतं, हा आमचा वंशपरंपरागत मान.

तोंड लपवायला मी मागे वळले आणि तेव्हा मला दिसलं. ताण बसला की अकरा गाड्या एकेक करून डुलत होत्या. बारावी ढिम्म. मी पदर खोचला आणि रांगेच्या कडेने मागे पळत सुटले. यात्रेत मानकऱ्याच्या बायकोने पळायचं असतं की नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टँकर, व्हॅन, टेंपो, टेंपोच्या टपावर नाचणारे त्यांचे ड्रायव्हर, सगळं मागे टाकून मी मोटारीच्या खिडकीला जाऊन धडकले.

"अण्णा, हँडब्रेक."

"लावलाय," अण्णा म्हणाले.

"काढा ना. त्यामुळेच हलत नाहीये."

"माहीत आहे मला. उतार आहे."

"उतार आहे म्हणूनच तर," मी आवाज खाली आणून म्हटलं, "तो ओढू शकतो."

अण्णांनी चष्मा काढला. गुलालात डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं. "अकरा गाड्या बघून आलो मी. माणसं ठासून भरलेली. बैल नाहीत. ज्यांना ब्रेक आहेत त्यांचे ड्रायव्हर टपावर. एकदा सुटल्या की थांबवणार कोण? आणि पुढे तो एकटा पळणार, अनवाणी. पाय घसरला तर सगळं त्याच्या अंगावरून जाईल." मग म्हणाले, "तुला हे कुणी सांगितलं नव्हतं का लग्नाआधी?"

मी खिडकीला धरून उभी राहिले. दीड वर्ष मी या माणसाशी मनात भांडत होते. त्याला माझा नवरा नको आहे, हे मी धरूनच चालले होते. आणि हा माणूस अख्ख्या गावाची यात्रा अडवून बसला होता, माझ्या नवऱ्याला काही होऊ नये म्हणून. पण वेळ नव्हता. पुढून तिसऱ्यासाठी ढोल घुमायला लागला होता.

"अण्णा, हाताचा काढा. पायाचा धरा. सुटल्यावर वेग तुम्ही सांभाळा."

त्यांनी विचार केला. गणिताच्या मास्तरांनी दुसरी रीत तपासावी तसा. "चालेल," म्हणाले. चष्मा पुसून लावला, हँडब्रेक खाली टाकला, आणि मला म्हणाले, "बाजूला हो."

तिसरं चांगभलं. गाड्या निघाल्या.

मी सोबत पळत होते, ओरडत होते, चप्पल कुठे गेली कळलं नाही. भंडारा, गुलाल, धूळ, टँकरच्या पोकळ पोटाचा दणदणाट, व्हॅनच्या खिडक्यांतून हात हलवणाऱ्या आज्या. सासूबाई माझ्या पुढे पळत होत्या. आणि सगळ्यात मागे त्या मोटारीत अण्णा, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, परीक्षेला बसल्यासारखा चेहरा. दरवर्षी पुढची गाडी देवळाच्या पायरीवर आदळायची आणि मानकऱ्याला बाजूला उडी मारावी लागायची. सासऱ्यांचा गुडघा त्यातच गेला होता. त्या वर्षी गाड्या देवळाजवळ आल्या तशा हळू होत गेल्या आणि पायरीपासून हातभर अंतरावर अलगद थांबल्या. "नाथानं धरली," लोक म्हणायला लागले. सासूबाई जमिनीवर डोकं टेकून रडत होत्या.

माझा नवरा जू खाली ठेवून सरळ मागे चालत गेला. बाराव्या गाडीपाशी. अण्णा अजून आतच होते.

"अण्णा, शेवटी मागनं वढ लागली," तो धापा टाकत म्हणाला. कॉलेजात चार वर्षं घासून केलेली त्याची भाषा त्या क्षणी पार गेली होती. "तुमीच व्हता न्हवं?"

"मग कोण? तुम्हाला मागे बघता येत नव्हतं." अण्णांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि थांबले. "खांदा दुखतोय?"

"न्हाई."

"माझा उजवा पाय दुखतोय," अण्णा म्हणाले. "उभं राहता येईल असं वाटत नाही."

माझ्या नवऱ्याने सोललेला खांदा वाकवून पुढे केला. अण्णा पहिल्यांदा आमच्या घरी आले ते असे, जावयाच्या गळ्यात हात टाकून, एक पाय ओढत.