मुरगूड, कबनूर आणि आण्णांची टाकी

या कोल्हापुरात मला सगळ्यांत जास्त मदत केली ती माझ्या घरमालकांनी, म्हणजे आण्णांनी, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ही बाई कृतघ्न आहे. दुसऱ्याला वैताग देण्यात आण्णांचा हात धरणारा माणूस राजारामपुरीतच काय, पंचगंगेच्या दोन्ही काठांना सापडायचा नाही.

मी भंडाऱ्याकडची, आठवीत शाळा सुटलेली; इथल्या एका दवाखान्यात कामाला आहे. वरची खोली बघायला गेले ती नकाराची तयारी ठेवूनच. आमचं घर ढिवराचं, तलावातली मासळी धरणारं आणि खाणारं. आण्णा जैन, सूर्य बुडायच्या आत जेवणारे. मी आपणहून म्हटलं, "मासळी शिजवणार नाही जी." ते खेकसले, "जी काय जी! पोट कशाला मारतीस? गच्चीवर शिजव. मी वर येत न्हाय, गुडघे दुखत्यात." त्याच संध्याकाळी ते पाण्याची टाकी बघायला तरातरा गच्चीवर चढताना मला दिसले.

आण्णा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त झाले, पण भोंगा गळ्यातच राहिला. नळाला पाणी आलं, शेजारीण भाजीला निघाली, सगळ्याची घोषणा होते. मला उशीर झाला की साऱ्या गल्लीला कळतं, "दवाखान्याला जाणारी बाई धा मिनिटं लेट हाय!" त्यांचा मुलगा पुण्याला जाताना पाळलेले मासे घेऊन गेला आणि काचेची टाकी मागे राहिली, तर हे त्या रिकाम्या टाकीतला पंप दिवसभर घरघरत ठेवायचे. बंद करा म्हटलं तर म्हणायचे, "गाडी रिकामी असली म्हणून फेरी रद्द करायची व्हय?"

मग त्यांनी दुकानातून पाणवनस्पती आणून टाकीत लावल्या आणि थोड्या दिवसांनी त्यात सहा पिल्लं वळवळू लागली. आण्णांनी आधी मासे जाहीर केले, मग पाली, मग घोरपडी. चौथ्या दिवशी मगरी जाहीर झाल्या आणि शेजारणीने मधलं दार कायमचं लावून घेतलं. शेवटी मी वाकून बघितलं. "आण्णा, हे बेडूकही नाही जी. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात. याला पुढचे आधी आलेत. आणि कल्ले बघा, पिसांसारखे बाहेर."

दुसऱ्या दिवशी ते फोटो घेऊन कॉलेजातल्या प्राध्यापकबाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, हे न्यूट, बेडकांचे शेपटीवाले भाऊबंद, दार्जिलिंगकडच्या थंड डोंगरातले. पानाला चिकटून अंडी आली असतील, इथल्या तळ्यात अजिबात सोडू नका. येताना आण्णांनी माझ्यासाठी शाळेत न जाता दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला. मी घाबरून म्हटलं, आठवीतच घरी बसलेली मी, मला कुठलं जमायचं? म्हणाले, "तू नापास झालीसच कवा? तुझी गाडी स्टँडात लागलीच न्हवती!" झालं. तेव्हापासून माझ्या मागे बीजगणित लागलं.

पिल्लांना त्यांनी गावांची नावं दिली: मुरगूड, कबनूर, गारगोटी वगैरे. खायला भिजवलेले पोहे, वरणाचं पाणी, दाण्याचं कूट. टाकी नासली, पण एकानेही तोंड लावलं नाही. हलेल तेच गिळणारी जात ती. एका सकाळी मुरगूडने कबनूरचा पुढचा पाय खाल्ला. त्या दिवशी घोषणा झाली नाही. ताट समोर ठेवून आण्णा टाकीकडे बघत बसलेले.

"डासांच्या अळ्या लागतात, आण्णा."

"जित्या?"

"जित्याच."

आण्णांनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. मग म्हणाले, "अळ्या घातल्या तर पाप. आन् ह्यास्नी उपाशी मारलं तर काय पुण्य हाय व्हय?" ताट सरकवून उठले. "तू घाल. तिकीट माझ्या नावावर फाड. दर बुधवारी उपास करीन मी."

तेव्हापासून रोज सकाळी मी गच्चीवरच्या बादलीतल्या अळ्या वाटीत घेऊन उतरते आणि आण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. टाकीतलं काही कानावर येऊ नये म्हणून सगळं वेळापत्रक ओरडतात, "मुरगूडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली हाय!" मध्येच पाढे विचारतात. सतराचा चुकला की वेळापत्रक पहिल्यापासून. मे महिन्यात त्यांचा टेबलफॅन टाकीला, फ्रीजमध्ये गोठवलेल्या बाटल्या टाकीला. माझ्या दुधाला जागा नाही आणि आण्णा घामाने निथळत खुशीत!

कबनूरला पाय परत फुटला. आण्णांनी तो मला तीनदा दाखवला, जणू त्यांच्याच गुडघ्याला पालवी फुटली होती. मग सगळ्यांचे कल्ले गळले आणि एकेक करून पिल्लं दगडावर चढून बसली. प्राध्यापकबाई फोनवर म्हणाल्या, नीट सांभाळलेत तर दहा-बारा वर्षं जगतील. आण्णांनी बोटं मोजली. पंच्याहत्तरी उलटलेली. भिंतीकडे बघत म्हणाले, "मग फुडची ड्युटी कुणाची?"

मी वाटी विसळायला घेतली. बोलायचं धैर्य मला कधी वेळेवर येत नाही.

आता साखरेमुळे डॉक्टरांनी त्यांचे उपास बंद केलेत. गेले तीन बुधवार मी जेवत नाही. त्यांना ठाऊक नाही, नाहीतर गल्लीभर घोषणा होईल. पण दहावीच्या निकालाचा कागद हातात आला की वाटी घेऊन खाली उतरणार आहे आणि भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीला सांगणार आहे, आण्णा, बसा आता. फुडची ड्युटी माझी.