बाहेरचं काईच न्हाई

“मॅडम, सही करा आणि विषय संपवा,” आमचे आरोग्याधिकारी साहेब म्हणाले. टेबलावर सुमनबाईचा रिपोर्ट होता. स्टूल कल्चर, म्हणजे शौचाची जंतुतपासणी: साल्मोनेला पॉझिटिव्ह.

सुमनबाई सोनईजवळच्या एका वस्तीवर शाळेची खिचडी शिजवायची. आठवडाभरापूर्वी तिथं जुलाब-उलट्यांची साथ आली. पंधरा-वीस पोरं आणि काही मोठी माणसं आजारी पडली. दोघांना तर सलाईन लागलं. त्यांच्या नमुन्यांतही साल्मोनेलाच निघाला होता. शाळा समितीचे अध्यक्ष, सगळे त्यांना अण्णा म्हणत, रोज फोन करायचे. “त्या बाईला काढा. पोरं मारायची हायेत व्हय?” माझी सही झाली असती तर तिचं काम त्याच दिवशी गेलं असतं, आणि पुन्हा कुणी तिच्या हातचं खाल्लंही नसतं.

“पण सर, मोठी माणसं कुठं शाळेत खिचडी खातात?”

“पोरांकडून लागलं असेल. तुम्ही फार फाटे फोडता.”

फोडते. माझी सगळी नोकरी त्यातच गेली.

रिटायर झाले तरी नगरची ती लॅब डोळ्यांपुढून हलत नाही. वाफेच्या ऑटोक्लेव्हचा ओलसर वास, जगन्नाथ टेक्निशियनचा खरखरणारा रेडिओ, सकाळी जंतू वाढवायचा इन्क्युबेटर उघडताना दोघांनी रोखलेला श्वास. काय दिवस होते ते! खरं सांगायचं तर सुरुवातीच्या वर्षांत असल्या रिपोर्टवर मीही मुकाट सही केली असती. कारण तेव्हा हाती कल्चरच होतं, आणि कल्चर म्हणजे जंतूचं नुसतं आडनाव कळणं. आडनाव एक म्हणून दोघं एका घरातले ठरतात का? आमच्याकडं अर्ध्या गावाचं आडनाव एकच असतं. आता जीनोम सिक्वेन्सिंगमध्ये जंतूचा अख्खा डीएनए अक्षर न् अक्षर वाचतात. मग सख्खा कोण, चुलत कोण आणि नुसता आडनावबंधू कोण, ते कळतं.

“सगळे नमुने पुण्याला पाठवू या. दोन आठवडे द्या,” मी म्हटलं.

“आणि तोवर ती बाई?”

“घरी बसू दे. पण काढायचं नाही.”

साहेब कुरकुरत हो म्हणाले. जगन्नाथनं नियमाप्रमाणे तिहेरी पॅकिंग केलं आणि बॉक्स जीपमध्ये असा जपून ठेवला, की मी म्हटलं, “अरे, नवरी सासरी पोचवतोयस का?”

रिपोर्ट आला आणि मी खुर्चीतून उठलेच. रुग्णांचे जंतू एकमेकांचे सख्खे भाऊ. सुमनबाईचा जंतू त्यांचा कुणीच नव्हता. कधीतरी दुखणं येऊन गेलं असेल आणि जंतू पोटात राहिला असेल, असं होतं. खाली आणखी एक ओळ होती: रुग्णांचा जंतू ज्या घराण्यातला आहे, ते घराणं बहुधा गाईगुरांत सापडतं.

तडक वस्तीवर गेले. साथीच्या तपासाच्या आमच्या फॉर्ममधला पहिला प्रश्न मीच लिहिलेला होता: आजारी पडण्याआधी बाहेरचं काय खाल्लं? साथ आली तेव्हा विचारलं होतं, तेच दारोदार पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

“बाहेरचं काईच न्हाई, मॅडम.”

शेवटी थकून अण्णांच्या पडवीत टेकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीकाकूंनी कोरा चहा पुढं केला. “आज दूध न्हाई. गाय व्याली तवापासून पातळ शेन टाकती. लई आटली.”

कप माझ्या हातातच राहिला. “काकू, चिकाचं काय केलंत?”

“खरवस केला की. मोठं पातेलंभर. मधी जरा कच्चा, पातळच राह्यला. वस्तीला वानोळा धाडला.”

“अहो, मी दोन-दोनदा विचारलं, बाहेरचं काय खाल्लं म्हणून! कुणी बोललं कसं नाही?”

काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. “वानोळा बाहेरचा कसा व्हईल? घरचाच की त्यो.”

अण्णा दारात उभे होते. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. गाईच्या शेणाचा नमुना पुण्याला गेला. त्यातला जंतूही सख्खाच निघाला. “चूक झाली,” अण्णा म्हणाले. पण मला म्हणाले, सुमनबाईला नाही.

तिला सांगायला मीच गेले. औषध घ्यायचं, तीन रिपोर्ट निगेटिव्ह आले की परत चुलीशी. ती एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती. मी सहज विचारलं, “सगळी वस्ती आजारी पडली. तुम्ही कशा वाचलात?”

“आमचं घर वड्याच्या पल्याड, मॅडम. आमच्याकडं कोन धाडतंय वानोळा?”

भाजीचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. मला लाज वाटली, कारण हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

फॉर्म मी बदलला. ‘बाहेरचं’ काढून लिहिलं: कुणाकडून काय आलं? त्याखाली आणखी एक ओळ घातली: आणि कुणाकडं गेलं नाही?

“याचा साथीशी काय संबंध?” साहेबांनी विचारलं.

साथीच्या तपासात आजारी न पडलेल्या माणसाकडंही जावं लागतं; त्याच्याकडं काय पोचलं नाही, त्यातच कारण सापडतं. पुस्तकात ते पहिल्यापासून होतं. मला कळायला रिटायरमेंट जवळ यावी लागली.