तिसरं खातं

आज नव्या फोनने नाव विचारलं आणि २००७ सालची वसमतमधली एक दुपार आठवली. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाई रिकाम्या वेळात आमच्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकल्या होत्या. तो जुना झाला, म्हणून त्यांनाच द्यायचा होता. त्यांच्यासमोर मी त्यावरचं माझं खातं पुसलं, बायकोचं पुसलं. तिसरं मीच त्यांच्यासाठी उघडलं होतं: ‘भांडेवाली’.

“ते पुसू नका भाऊ, माझा सराव हाय त्याच्यात. निस्तं नाव बदला.”

“बराबर. काय लिहू?”

“सहा वर्षं येऊन राहिले, नाव न्हाई माहीत व्हय?” त्या हसल्या.

त्यांचे खाडे मला तारखेनिशी पाठ होते. नाव कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला आणि खाली न बघता टाइप केलं: गंगासागर. मान माझीच खाली होती.