नाव खरवडणार नाही म्हणणारा उमाकांत

उमाकांतचा विषय निघाला की लोक म्हणतात, "तापट होता बुवा!" ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तापट होता, कबूल. पण ज्या गोष्टीवर तो तापला, तिथं आम्ही बाकीचे थंड बसलो हे कुणी सांगत नाही. म्हणून मीच सांगतो.

चिकपेटच्या एका गल्लीत हयवदनरावांचा शिळाप्रेस होता. शाळांच्या भिंतींवर टांगायचे नकाशे आम्ही छापायचो. दगडावर अक्षरं उलटी काढावी लागतात, आणि त्यात उमाकांतचा हात धरणारा साऱ्या बेंगळुरात कुणी नव्हता. तो बेळगावकडच्या खेड्यातला. घरात मराठी, बाजारात कन्नड, भांडताना दोन्ही. मी रत्नाकर, त्याच्या शेजारी बसून प्रत्येक रंगाच्या छपाईचा वेगळा दगड तयार करायचो.

छप्पन साली नव्या म्हैसूर राज्याचा नकाशा आला. सीमेची रेघ उमाकांतलाच ओढावी लागली, आणि त्याचंच गाव मुंबई राज्यातून इकडं आलं. गावी गेला तर आईनं, गंगव्वानं, दारातच अडवलं.

"रेघ तूच वडलास म्हणं?"

"रेघ सरकारची, आई. गावाचं नाव मात्र तू म्हणतीस तसंच लिवलंय."

हा त्याचा नियम होता. रेघा सरकार ओढतं आणि पुसतं. पण माणसं आपल्या मुलखाला ज्या नावानं हाक मारतात ते नाव नकाशावर यायचं, आणि एकदा आलं की खरवडायचं नाही.

पासष्ट साली आम्ही सिकंदराच्या स्वारीचा नकाशा काढला. कोपऱ्यात, सिकंदराचा मुलूख आज कुठं आहे, ते दाखवणारा एक छोटा नकाशा होता. तिथं उमाकांत चुकला, आणि नकाशे काढणाराच चुकेल तसा चुकला. नव्या अॅटलासात त्याला 'मॅसेडोनिया' ही अक्षरं युगोस्लाव्हियात दिसली. त्याच अक्षरांखाली त्यानं सिकंदराच्या राजधानीचा ठिपका देऊन टाकला. ती राजधानी, पेला, खरं तर खाली ग्रीसच्या हद्दीत येते. तिथल्या मुलखालाही मॅसेडोनियाच म्हणतात.

नकाशा दुकानात लागला आणि चार दिवसांत ब्लागोया नावाचा इंजिनिअर प्रेस शोधत आला. तो युगोस्लाव्हियातल्या मॅसेडोनियातला, स्कोप्ये शहरातला, इथल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपात त्याचं घर जमीनदोस्त झालं होतं. त्या अक्षरांवर बोट ठेवून हा धिप्पाड माणूस आमच्यासमोर रडला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "राजा कुणाचाही असू दे. माझ्या आईच्या भाषेचं नाव हे आहे. घर पडलं, नाव उभं आहे." घरी पाठवायला त्यानं पाच प्रती सांगितल्या. शनिवारी न्यायला येणार होता.

गुरुवारी कोस्तास आला. हा ग्रीक, कॉफीचा व्यापारी. त्याच्या पेट्यांची लेबलं आमच्याकडंच छापली जायची. त्यानं टेबलावर मूठ आपटली. "सिकंदर आमचा! त्याला परक्या देशात नेऊन ठेवलात?" हयवदनरावांनी ते इंग्रजी उमाकांतला कन्नडमध्ये सांगितलं. उमाकांतनं अॅटलास पुन्हा उघडला, चूक पाहिली, सरळ हात जोडले आणि अर्ध्या तासात ठिपका पेलावर नेला. तिथंच मिटायला हवं होतं. पण कोस्तासनं वरच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हेही काढून टाका. मी मॅसेडोनियाचा. माझा बाप, माझा आजा मॅसेडोनियाचे. हे नाव दुसऱ्या कुणाचं नाही."

"तुमचंबी लिवतो की, खाली, ठळक," उमाकांत म्हणाला. "माणसं दोन्हीकडं हायत न्हवं?"

"दोन्हीकडं नको. वरचं काढून टाका."

हयवदनराव उमाकांतला बाजूला घेऊन म्हणाले, "स्वल्प समजून घे बाबा. त्यांच्या भांडणाशी आपल्याला काय देणंघेणं? चार अक्षरं तर आहेत."

उमाकांतचा चेहरा लाल झाला. "अण्णा, ठिपका माझा चुकला, म्हणून हलवला. नाव चुकलेलं न्हाई. उद्या कुणी मोठं गिऱ्हाईक येऊन माझ्या आईच्या गावाचं नाव काढून टाका म्हणंल. तवाबी चार अक्षरंच म्हणणार तुम्ही?"

त्यानं खरवडायचा चाकू टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. नऊ वर्षांपेक्षा जास्त तिथं राबलेला माणूस, पण त्याला हाक मारायला कुणी उठलं नाही. मीही नाही.

"सरी, ठीक आहे, रत्नाकर, तू कर," हयवदनराव म्हणाले.

मी केलं. मला कुणी धमकावलं नव्हतं. नाही म्हणायला तोंडात जीभ होती, तरी चाकू उचलला. शेपूट घालणं म्हणतात ते हेच! वरचं नाव खरवडलं, दगड घासला, धुतला. ग्रीसमध्ये ठळक नाव लिहिलं, तेही वाकडंच आलं.

शनिवारी ब्लागोया आला. त्यानं गुंडाळी उलगडली आणि त्याचं बोट त्या कोपऱ्यात फिरत राहिलं. "कुठं गेलं?"

"यंत्राची चूक," मी म्हणालो.

"माझा जन्म यंत्रांत गेला," तो म्हणाला. "यंत्र असं निवडून चुकत नाही." पाचही प्रती टेबलावर तशाच ठेवून तो निघून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

महिन्याभरानं मला उमाकांत जयनगरात सापडला. एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होता. मी खाली उभा राहिलो. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"कुणी खरवडलं?"

"मी."

"दगडावर काय खूण ऱ्हायली?"

"जरासुद्धा नाही," मी म्हणालो, आणि काय सांगू, ते म्हणताना माझ्या आवाजात कारागिराची ऐट होती!

त्याचा ब्रश थांबला.

"डाग तरी ठेवायचास, लेका," तो म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.