रानपिंगळा बोलला तेव्हा

धाकल्या आता आमच्या आशागडच्या चिकूच्या वाडीत कामाला नाही. चिकू उतरायला लागले की त्याची फार आठवण येते. माणूस गोड, पण एकदा का फुगला की फुगलाच. थोरल्या भावाशी, रघ्याशी, शेताच्या बांधावरून भांडला आणि पाडा सोडून आमच्याकडे कामाला येऊन राहिला. त्याची आई बायजी रघ्याच्या घरात राहायची. म्हणून तिलाही भेटायला जाईना. मला त्याचा भारी राग यायचा. म्हातारीने याचं काय घोडं मारलं होतं?

२०१७च्या थंडीत कासा गावाच्या पलीकडे रानपिंगळा दिसल्याचं कानावर आलं. दिवसाढवळ्या बोलणारं हे इवलंसं घुबड फार दुर्मीळ, आणि मला पक्ष्यांचं वेड. ते सागाचं रान धाकल्याच्या पाड्याला लागूनच होतं.

"लांबून दाखवीन, बाय. घरात नाय जानार," अशी अट घालून तो निघाला.

वाटेत मात्र लहानपण आठवून खुलला. त्यांच्या घरात एक रीत होती. रानपिंगळा बोलला की हातातलं काम टाकून सगळ्यांनी गप्प बसायचं. तो थांबल्यावरही घरातलं सगळ्यात मोठं माणूस बोलेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही.

"बापूस मुद्दाम उशीर करी. मी नि रघ्या हसू दाबून मरायचो," तो म्हणाला, आणि भराभर पुढे चालू लागला.

पक्षी वाळक्या फांदीवर बसला होता. तो बोलला, आणि मी आनंदाने ओरडणार तोच धाकल्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. पलीकडच्या वालाच्या शेतात रघ्या होता. तोही कुदळ टाकून मटकन खाली बसला. दोघे भाऊ समोरासमोर, मुके.

पक्षी उडाला. रघ्या उठला, धाकल्याकडे बघत राहिला आणि त्याने घराकडे हात केला. बाप गेल्यापासून घरात मोठी बायजीच. ती बोलल्याशिवाय दोघांचीही सुटका नव्हती. धाकल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. जाऊ दे की एकदाचा!

तो रघ्यामागून घराकडे गेला, त्यांच्या मागोमाग मीही. बायजी उंबऱ्यात बसली होती. तिला दिसत नव्हतं, पण पक्षी तिनेही ऐकला होता. ओठ घट्ट मिटलेले. धाकल्या तिच्या पुढ्यात बसला. तिने त्याचा चेहरा चाचपला, पुन्हा चाचपला, मग दुसऱ्या हाताने रघ्याला ओढून जवळ घेतलं.

"बोला रं आता," ती म्हणाली.

दोघेही रडायलाच लागले. आशागडला मी एकटीच परतले.