सर्व्हिस लॉकचा पासवर्ड

"मॅडम, तो नंबर मला लिहून द्या," हसन चौथ्यांदा म्हणाला. माझगावच्या यार्डात एका गस्ती बोटीच्या इंजिनरूममध्ये आम्ही घामाने निथळत उभे होतो. आपल्या सरकारने ती बोट शेजारच्या छोट्या बेटांच्या देशाला भेट दिली होती. हसन तिचा चीफ इंजिनिअर, मी त्याला ट्रेनिंग देणारी.

नंबर म्हणजे सर्व्हिस लॉकचा पासवर्ड. एखादा सेन्सर बिघडला की इंजिन आपोआप बंद पडतं. मग इंजिन ठणठणीत असलं तरी पासवर्ड घातल्याशिवाय सुरू होत नाही.

"वादळात मच्छीमार अडकले की आमच्याकडची हीच एक बोट जाणार," हसन म्हणाला.

मी यार्डाच्या मॅनेजरांकडे, कामतसाहेबांकडे गेले.

"द्यायचा नाही. वरून सांगितलंय," ते म्हणाले. "बोट अडली की त्यांनी आपल्याला फोन करायचा. आपला माणूस जाणार, त्यांच्या बंदरात आपला शब्द चालणार. बोट काय उगाच फुकट देतात का, जाधव?"

"आणि भर समुद्रात अडली तर?"

"फोन आहे ना. तू इंजिन बघ. परराष्ट्र धोरण बघणारे वेगळे आहेत."

माझ्या प्रमोशनची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. मी पासवर्ड न देताच परत आले. हसनला म्हटलं, "कधीही फोन करा, मी आहे." रविवारी त्याला भोईवाड्याला घरी जेवायला नेलं. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. त्याने दोनदा मागून घेतलं, पासवर्डचा विषय काढला नाही.

बोट घेऊन तो मायदेशी गेला. पावसाळ्यात एका दुपारी त्याचा सॅटेलाइट फोन आला. आवाज तुटत होता. इंजिन बंद, पॅनेलवर लाल दिवा. समोर उलटलेली होडी आणि तिला धरून दोन माणसं.

"मॅडम, नंबर."

नंबर मला तोंडपाठ होता. तरी त्याला थांबायला सांगून मी साहेबांकडे धावले. साहेबांनी दिल्लीला फोन लावला. तिथले अधिकारी मीटिंगमध्ये होते. परवानगी यायला चाळीस मिनिटं लागली.

मग मी नंबर सांगितला. इंजिन लगेच सुरू झालं. होडीपाशी ते पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

हसनने पुन्हा कधी फोन केला नाही. पुढची बोट त्यांनी दुसऱ्याच देशाकडून घेतली. "एवढं केलं, पण जाण नाही लोकांना," कामतसाहेब म्हणाले.

आता मी ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी पासवर्ड लिहून देते आणि परवानगी नंतर मागते. दोन माणसं बुडाल्यावर मी एवढंच शिकले.